उसना राष्ट्राभिमान

भिवंडीत लाल झेंड्याला सगळं अनुकूल असायला हवं होतं. गल्लोगल्ली यंत्रमागांची खडखड, बारा-बारा तासांची पाळी, मीटरवर मोजून मिळणारी मजुरी, भिसी नावाच्या खानावळीतलं दोन वेळचं जेवण आणि कारखान्यातच किंवा शेजारच्या खोलीत टाकलेली पथारी. एंगल्सनं १८४५ साली मँचेस्टरच्या कामगारांवर ग्रंथ लिहिला, त्यातलं चित्र याहून फार वेगळं नव्हतं, आणि भिवंडीला मँचेस्टरची उपाधी लावण्याची आपल्याकडे हौसही आहे. तरी या गावाचं नाव देशभर गेलं ते एखाद्या संपामुळे नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे गेलं.

एकाच छपराखाली राबणारी माणसं संकट आलं की धर्म, भाषा, मुलूख अशा वाटांनी का पांगतात, हा प्रश्न एकट्या भिवंडीचा नाही. जगातल्या पहिल्या कामगार-राज्यालाही तो सत्तर वर्षं पुरला, आणि शेवटी त्या राज्याला पुरून उरला.

बोल्शेविकांनी या प्रश्नाचा अभ्यास केला नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. १९१३ साली व्हिएन्नात मुक्कामी असताना स्तालिननं राष्ट्राच्या प्रश्नावर एक दीर्घ निबंध लिहिला. समान भाषा, समान प्रदेश, समान आर्थिक जीवन आणि समान संस्कृतीतून घडलेला मानसिक पिंड, या चारही गोष्टी जुळल्या तर ते राष्ट्र, अशी त्याची व्याख्या होती. पुढे जगभरच्या कम्युनिस्टांनी ती पाठ केली. सत्ता आल्यावर मात्र पहिलं भांडण याच विषयावर झालं. स्तालिनला सगळी प्रजासत्ताकं रशियाच्या पोटात स्वायत्त प्रांत म्हणून हवी होती. लेनिनला समान दर्जाचा आणि बाहेर पडण्याचा हक्क असलेला संघ हवा होता. कागदावर लेनिन जिंकला आणि ३० डिसेंबर १९२२ रोजी सोव्हिएत संघ जन्मला. त्याच दिवशी आजारी लेनिन एक टिपण सांगून लिहवून घेत होता. जॉर्जियात स्तालिनचा साथीदार ऑर्जोनिकिद्झे यानं एका स्थानिक कॉम्रेडवर हात उगारला होता, त्यामुळे तो अस्वस्थ होता. गंमत अशी की मोस्कोच्या वतीनं दंडेली करणारे स्तालिन आणि ऑर्जोनिकिद्झे स्वतः जॉर्जियन, आणि त्यांची पाठराखण करणारा द्झेर्झिन्स्की पोलिश. परक्या मुलखातून येऊन रशियन झालेली माणसं रशियनांपेक्षा जास्त रशियन होतात, असं लेनिननं त्या टिपणात नोंदवून ठेवलं आहे.

विसाच्या दशकात धोरण उदार होतं. स्थानिक भाषांतून शाळा निघाल्या, लिपी नसलेल्या भाषांना लिपी मिळाली, युक्रेनमध्ये कारभार युक्रेनी भाषेत होऊ लागला. हिशेब साधा होता: राष्ट्रभावना ही बालपणीच्या आजारासारखी, तिला मोकळं सोडलं की ती आपोआप ओसरेल. ती ओसरली नाही. उलट १९३२ साली देशांतर्गत पासपोर्ट आला आणि प्रत्येक पासपोर्टधारकाच्या नावापुढे त्याचं राष्ट्रीयत्व सरकारी शाईनं उमटलं. जी ओळख पुसायची होती तिची अशी नोंदणी होत गेली.

मग वारं फिरलं. इतिहासकार पोक्रोव्स्की झारच्या साम्राज्याचं वर्णन राष्ट्रांचा तुरुंग म्हणून करत असे. त्याचा संप्रदाय १९३६ साली मोडीत काढला गेला. पक्षाचा लाडका कवी देम्यान बेद्नी यानं त्याच वर्षी एका संगीतिकेत जुन्या रशियन वीरांची आणि रशियाच्या ख्रिस्तीकरणाची थट्टा केली. दहा वर्षांपूर्वी त्याला टाळ्या पडल्या असत्या, आता प्रयोग बंद पडले. १९३८ मध्ये रशियन भाषा सर्व शाळांत सक्तीची झाली आणि आइझेन्स्टाइनचा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ पडद्यावर आला. ७ नोव्हेंबर १९४१ ला जर्मन फौजा मोस्कोच्या वेशीजवळ असताना लाल चौकातल्या संचलनात स्तालिननं सैनिकांना ज्या पूर्वजांचं स्मरण करून दिलं, त्यांत नेव्हस्की होता, दोन्स्कोय होता, सुवोरोव्ह आणि कुतुझोव्ह होते. एक संतपदाला पोचलेला राजपुत्र, दुसरा मोस्कोचा राजा, उरलेले झारशाहीचे सेनापती. क्रांतीनं ज्यांना इतिहासाच्या अडगळीत टाकलं होतं, त्यांच्यापैकी तिघांच्या नावानं पुढच्या वर्षी पदकं निघाली. १९४३ मध्ये चर्चशी समेट झाला. १९४४ उजाडताना ‘इंटरनॅशनल’ जाऊन नवं राष्ट्रगीत आलं, आणि त्याच वर्षी चेचेन व क्रिमियन तातार या अख्ख्या जमातींना गाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवण्यात आलं. मे १९४५ मधल्या मेजवानीत स्तालिननं सगळ्या राष्ट्रांत अग्रेसर म्हणून रशियन जनतेच्या नावानं प्याला उंचावला.

यावरून कम्युनिझम हा रशियन राष्ट्रवादाचा मुखवटा होता असं म्हणण्याची घाई अनेकजण करतात. मला ते पटत नाही. रशियन माणसाला या व्यवस्थेत सिंहासन मिळालं, पण घर मिळालं नाही. युक्रेन, उझबेकिस्तान, जॉर्जिया यांना आपापला कम्युनिस्ट पक्ष आणि आपापली विज्ञान अकादमी होती. रशियाला १९९० पर्यंत स्वतःचा पक्षही नव्हता. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधींच्या सभेत कादंबरीकार व्हॅलेंटिन रास्पुतिन (झारच्या दरबारातला नव्हे, हा सैबेरियाचा) म्हणाला की मग रशियानंच संघातून बाहेर का पडू नये? वर्षभरात, १२ जून १९९० ला, रशियानं आपलं सार्वभौमत्व जाहीर केलं. साम्राज्याच्या कडेची राज्यं फुटली हे नवल नव्हतं. नवल हे, की ज्याचं ते साम्राज्य समजलं जात होतं तोच घर सोडून निघाला. आणि २१ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर चाल करून जाण्याआधीच्या भाषणात पुतिन यांनी दोष दिला तो लेनिनला, कारण त्यानं युक्रेनला वेगळं प्रजासत्ताक केलं. रशियाच्या राष्ट्रगीताची चाल मात्र स्तालिनकाळातलीच, २००० साली परत आणलेली, आणि शब्द पुन्हा मूळ गीत लिहिणाऱ्यांपैकी सर्गेई मिखाल्कोव्हकडूनच दुरुस्त करून घेतलेले.

आता स्तालिनचा तो १९१३ चा निबंध मराठी मुलखात कसा पोचला ते पाहण्याजोगं आहे. पनवेलला १८९८ मध्ये जन्मलेले डॉ. गंगाधर अधिकारी रसायनशास्त्र शिकायला बर्लिनला गेले आणि कम्युनिस्ट होऊन परतले. मीरत खटल्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. सप्टेंबर १९४२ मध्ये पक्षानं त्यांच्या मांडणीवर आधारलेला ठराव केला: हिंदुस्थान हे एक राष्ट्र नसून अनेक राष्ट्रांचा समुच्चय आहे, पठाण, शीख, बंगाली, तमीळ, महाराष्ट्रीय अशा प्रत्येकाला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. मुस्लिम लीगच्या मागणीला त्यातून बळ मिळालं म्हणून पक्षाला पुढे ही भूमिका गुंडाळावी लागली. वेळही विचित्र होती. गांधींचा ‘चले जाव’ सुरू, आणि सोव्हिएत भूमीवर हल्ला झाला म्हणून कम्युनिस्टांच्या लेखी ते युद्ध लोकयुद्ध. म्हणजे रशियनांनी रशियन देशाभिमानावर लढावं आणि मराठी कॉम्रेडनं आपला देशाभिमान आवरून धरावा. बेचाळीसचा हा कलंक पक्षाला फार काळ चिकटला.

पण ठरावातला ‘महाराष्ट्रीय राष्ट्र’ हा धागा वाया गेला नाही. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्तालिनग्राडवर पवाडा रचला. व्होल्गाकाठची लढाई शाहिरी डफावर आली आणि मुंबईच्या गिरणगावानं ती आपली मानली. पुढच्या वर्षी अमर शेख, गवाणकर आणि अण्णा भाऊ यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्या जोडीला कम्युनिस्ट नेते डांगे होते, आणि चाळींतून, मैदानांतून लोक जमवायला ही शाहिरांची फौज होती. मराठी अस्मिता आणि कामगाराचा प्रश्न त्या चार वर्षांत एकाच गळ्यातून गायले गेले. बार्शीच्या मुसलमान घरात जन्मलेला मेहबूब पटेल ‘अमर शेख’ होऊन महाराष्ट्राची गाणी गातो आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही, ही मला त्या चळवळीची सर्वांत मोठी कमाई वाटते. राज्य मिळालं तो दिवसही १ मे, कामगार दिन.

तरीही ही उचल होती आणि उचल फेडावी लागते. मराठीपणाची जी ऊब लाल झेंड्यानं जागवली, ती १९६६ मध्ये शिवसेनेनं सहज उचलली. वर्ग वगळला आणि परप्रांतीय समोर उभा केला, एवढाच फरक. स्तालिनच्या हाती पोलीस आणि पदकं होती, म्हणून त्यानं घेतलेली उचल अर्धशतक लपून राहिली. मराठी कम्युनिस्टांकडे सत्ता नव्हती. त्यांचा हिशेब दहा वर्षांत झाला.

१९७० सालात तो हिशेब भिवंडीत आणि परळात एकाच वेळी दिसला. ७ मे रोजी भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि दंगल पेटली. जळगाव आणि महाडलाही झळ पोचली. न्यायमूर्ती मदन आयोगानं मिरवणुकीतल्यांच्या जाणूनबुजून केलेल्या वर्तनाला तात्कालिक कारण ठरवलं, राष्ट्रीय उत्सव मंडळाच्या कारवायांवर आणि पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. महिना होतो न होतो तोच, ५ जूनला, परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई हरल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. अमर शेख आदल्याच वर्षी अपघातात गेले होते.

स्तालिनची ती चार अटींची चौकट भिवंडीवर ठेवून पाहिली तर ती कुठे मोडते हे कळतं. प्रदेश एक, धंदा एक. पण १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची भाषा उर्दू, पद्मशालींची तेलुगू, भोवतालच्या आगरी-कुणबी गावांची मराठी, जुने कोकणी मुसलमान आणखी वेगळे, आणि माग चालवणारे बरेच जण पूर्वांचलचे, ज्यांचं मन गावच्या शेताकडे. संयुक्त महाराष्ट्राच्या भाषिक राष्ट्रात यांतल्या निम्म्यांना जागा नव्हती. वर्गाची रेघही स्वच्छ नाही. सूत व्यापाऱ्याचं, माग छोट्या मालकाचं, विणणारा मजूर. दहा-बारा मागांचा मालक स्वतःच व्यापाऱ्याच्या मजुरीवर कापड विणून देतो, आणि बऱ्याचदा तो मजुराच्याच बिरादरीतला असतो. अशा ठिकाणी युनियननं संप पुकारायचा तो कोणाविरुद्ध? १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं कापड मोठ्या प्रमाणावर याच मागांवर आलं, पण गिरणगावची संघटना त्याच्याबरोबर आली नाही.

तेव्हाच्या याच ठाणे जिल्ह्यात उलट उदाहरणही घडलं होतं. जानेवारी १९४५ मध्ये भिवंडीपासून जवळच टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. तिथं वारली म्हणजेच राबणारा आणि सावकार म्हणजेच परका. वर्ग आणि जमात एकमेकांवर तंतोतंत बसत होते. म्हणून डहाणू-तलासरीत लाल झेंडा आजही निवडणूक जिंकतो.

भिवंडीत १९८४ ला पुन्हा आग लागली. त्यानंतर तिथं जे चाललं ते ना मार्क्सच्या पोथीतलं होतं ना राष्ट्राच्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले साधे लोक आणि त्या भागाचा पोलीस यांनी नेमानं एकत्र बसायचं. कोणी कुणाला तत्त्वज्ञान सांगायचं नाही. भांडण, तक्रार, अफवा, जे असेल ते तिथंच काढायचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि खोपडे यांनी पुढे त्याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

त्या समित्यांचं मोल कमी करायचं कारण नाही. मात्र मीटरमागे मजुरीचा दर किती, पाळी आठ तासांची का नाही, या गोष्टी त्यांच्या कामात येत नव्हत्या, आणि ज्यांच्या कामात येतात त्या युनियनचा फलक भिवंडीत शोधावा लागतो.