पिनरहून: आजोबा, मराठीत बोला ना
‘तिकडं राहून मुलीशी मराठी कशाला? शाळेत मागे पडेल.’ पुण्याहून हे अजून ऐकावं लागतं. इथं नर्सरीत नाव घालताना बाईंनी आधी घरची भाषा विचारली आणि सांगितलं, घरी तीच बोला, इंग्रजी आम्ही बघतो. इंग्लंडमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या सरकारी आराखड्यातच आहे, की मुलांना खेळताना-शिकताना घरची भाषा वापरायची संधी द्यायची.

आमचं पिनर लंडनच्या हॅरो भागात येतं, आणि हॅरोत गुजराती पुष्कळ. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली कुटुंबं आज्यांसकट या देशात आली. शेजारच्या बा नातवंडांना दिवसभर गुजरातीतच रागावतात. ती पोरं सोळाव्या वर्षी गुजरातीत जीसीएसई देऊ शकतात. बंगाली, पंजाबी, उर्दूतही ती परीक्षा आहे, मराठीत नाही. आम्ही आलो नोकरीच्या व्हिसावर, दोघंच. आजी-आजोबा पाहुणे म्हणून येणार, एका वेळी फार तर सहा महिने. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण पिनरहून तिथं रोज कोण जाणार?

म्हणून सगळी भिस्त व्हिडिओ कॉलवर, आणि चिडचिड होते ती तिथंच. उन्हाळ्याच्या तोंडावर इथल्या हाय स्ट्रीटवर जत्रा भरते. तिसऱ्या एडवर्डने १३३६ मध्ये तिची सनद दिली. यंदा लेक धापा टाकत सांगत होती, ‘आजोबा, मी एवढ्या उंच पाळण्यात बसले, माणसं मुंग्यांएवढी दिसत होती!’ आजोबा म्हणाले, ‘व्हेरी गुड बेटा! वेअर यू स्केअर्ड?’ पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली.

पुण्याला गेलो तेव्हाही तेच. सोसायटीच्या बागेत लेक म्हणाली, ‘मला पण खेळायला घ्या ना.’ मराठी घरांतल्या मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांच्या आया म्हणाल्या, ‘किती गोड मराठी बोलते!’ मला रागच आला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला; त्या बागेत मात्र मराठीत भांडणारं एक पोर नव्हतं. भांडायला, चिडवायला, रडीचा डाव खेळायला मी एकटी तिला कशी शिकवू?

जुलैअखेर इथल्या शाळांना सुट्टी लागेल. तुमच्याकडेही अशी नातवंडं येतील. इंग्रजी बोलून त्यांची सोय करू नका. तुम्ही विहिरीत पोहायला कसे शिकलात ते त्यांना सांगा, बाजारात न्या, भाजीवालीशी घासाघीस ऐकू द्या. अडलं तर ती विचारतील. तेव्हाही मराठीतच सांगा.