स्वतंत्रपूर : भिंत नसलेला तुरुंग आणि आपल्या गावची वेस

आटपाडी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते माणगंगेचे कोरडे पात्र, डाळिंबाच्या बागा, शेळ्यामेंढ्यांचा बाजार आणि खरसुंडीच्या जत्रेतली खिल्लार जनावरे. पण याच आटपाडीच्या माळावर अशी एक वस्ती आहे, की तिचे नाव सातारा-सांगलीकडच्या माणसाने अभिमानाने घ्यावे. तिचे नाव स्वतंत्रपूर. इथे राहणारे लोक शिक्षा भोगणारे बंदी आहेत. काहींच्या हातून खून झालेला. तरीही वस्तीला उंच भिंत नाही, दाराला गज नाहीत. बंदी आपल्या बायकामुलांसह घर करून राहतो, दिवसभर शेतात राबतो आणि रात्री आपल्या घरात झोपतो.

"मग पळून जात न्हाईत व्हय?" असा प्रश्न ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मात्र आपण तुरुंगापाशी थांबत नाही, थेट आपल्या गावच्या वेशीपाशी येऊन पोचतो.

औंधच्या राजाचा प्रयोग

ही गोष्ट औंध संस्थानातली. औंध हे आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराखाली वसलेले गाव. संस्थान तसे लहान, गावे बहात्तर, आणि तीही एका जागी नाहीत. थोडी औंधकडे, थोडी आटपाडीकडे, थोडी कुंडलकडे अशी विखुरलेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते आणि काळाच्या पुढे पाहणारे होते. १९३९ साली त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती दिला. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका आणि तालुक्यांतून वरचे कायदेमंडळ, अशी रचना झाली. इंग्रजांचे राज्य असताना एका राजाने आपणहून राज्य सोडावे, ही त्या वेळी देशभर गाजलेली गोष्ट होती.

या कामात राजांच्या आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या सोबत मॉरिस फ्रीडमन नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे पोलंडच्या वॉर्सा शहरातले, धंद्याने इंजिनिअर. हिंदुस्थानात आले आणि इथलेच झाले. गांधीजींच्या मंडळींत त्यांना भारतानंद म्हणत. ज्या साली गावांच्या हाती कारभार दिला, त्याच साली फ्रीडमन यांच्या आग्रहावरून राजांनी संस्थानच्या तुरुंगातल्या माणसांवरही विश्वास टाकला. बंद्यांना कोठडीतून काढले, आटपाडीजवळ जमीन दिली, कुटुंबासह राहायला घरे दिली आणि सांगितले की राबा आणि राहा. वस्तीला नाव दिले स्वतंत्रपूर.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. आटपाडीचा भाग पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. राजे गेले, संस्थान गेले, पण वसाहत राहिली. आज ती राज्याच्या कारागृह व सुधारसेवा विभागाकडे खुली वसाहत म्हणून आहे.

याच तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सिनेमा जगाने पाहिला. ज्या मातीतून तो उगवला ती माती मात्र आपल्यातल्या पुष्कळांनी अजून पाहिलेली नाही.

तारेचे कुंपण आणि उघडे दार

त्याच काळात आटपाडीपासून फार दूर नसलेल्या सोलापुरात सरकारची दुसरी एक वसाहत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. अशा कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवत. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. पुष्कळांनी आयुष्यात कसलाही गुन्हा केलेला नव्हता. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का अजूनही पुरता पुसला गेलेला नाही.

दोन्ही ठिकाणी घरे होती, काम होते, देखरेख होती. फरक एवढाच, की सोलापुरात निर्दोष माणसाला संशयाने वागवले आणि स्वतंत्रपुरात दोषी माणसाला विश्वासाने. कुंपणातून बाहेर पडलेल्यांच्या नातवंडांनाही आज पोलीस ठाण्याचे भय वाटते. उघड्या दाराची वस्ती मात्र ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे.

वस्ती चालते कशी?

कोणालाही उचलून खुल्या कारागृहात पाठवत नाहीत. राज्याचे १९७१ चे नियम आहेत. बंद कारागृहात शिक्षेचा ठरावीक भाग भोगलेला, वर्तणूक चांगली असलेला आणि अंगमेहनतीचे काम करू शकणारा बंदी निवड समिती पारखून घेते. काही गंभीर प्रकारच्या गुन्ह्यांतल्या बंद्यांना त्यातून वगळतात. म्हणजे स्वतंत्रपुरात येणारा माणूस कळंबा किंवा येरवडा अशा मोठ्या कारागृहांत वर्षे काढूनच आलेला असतो.

इथे आल्यावर त्याला चार आधार मिळतात.

पहिला आधार घराचा. बायको-पोरे जवळ असली की माणसाचे मन ठिकाणावर राहते. बंद कारागृहात भेटीची वेळ मिनिटांत मोजतात. इथे लेकरू शाळेतून घरी येते ते बापासमोर.

दुसरा आधार कामाचा. शेतात राबायचे, त्याची नियमाप्रमाणे मजुरी घ्यायची. खुल्या कारागृहात काम करणाऱ्याला शिक्षेत माफीही जास्त मिळते. मूळचा शेतकरी असलेल्या बंद्याला तर नांगर-पाभर धरल्यावर आपण अजून कुणीतरी आहोत असे वाटू लागते. शेतीची सवय तुटली की माणूस सुटून आल्यावरही जमिनीला परका होतो. इथे ती तुटत नाही.

तिसरा आधार जवळच्या अधिकाऱ्याचा. हजेरी आहे, शिस्त आहे, नियम मोडला तर परत बंद कारागृहात रवानगी आहे. पण दुखले-खुपले, घरात तंटा झाला, मुलाच्या दाखल्याचे अडले, तर सांगायला माणूस समोर असतो. तीस बंद्यांच्या आतली ही लहान वस्ती असल्याने प्रत्येक जण नावाने ओळखला जातो.

चौथा आधार परतीच्या आशेचा. एक दिवस आपण आपल्या गावी जाऊ, ही आशा. "पळून का जात नाहीत?" याचे उत्तर यात आहे. पळालेल्याला गाव राहत नाही, घर राहत नाही, लेकरांचे तोंड दिसत नाही. ज्याला गमावण्यासारखे काही आहे, त्याला बांधायला साखळी लागत नाही.

राजस्थान पुढे, आपण मागे

राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे १९६३ पासून अशीच वसाहत आहे. तिथले बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा शहरात जाऊन रोजगार करतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ अखेर देशात ९१ खुली कारागृहे होती. त्यांतली चाळीसच्या आसपास एकट्या राजस्थानात आणि १९ महाराष्ट्रात. त्याच वर्षी देशातल्या कारागृहांत शंभर जणांच्या जागेत सरासरी १३१ माणसे कोंबलेली होती. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ पासून वेळोवेळी राज्यांना खुल्या कारागृहांकडे लक्ष द्यायला सांगितले आणि २०२४ साली अशा कारागृहांचे क्षेत्र कमी करू नका असे बजावले.

ज्या मुलखात ही वाट आधी पडली, तिथे ती रुंद झाली नाही, हे आपले दुखणे. स्वतंत्रपूरची जागा आजही थोड्या कुटुंबांपुरतीच आहे.

चौथा आधार गावाच्या हाती

घर, काम आणि अधिकारी हे तीन आधार सरकार देऊ शकते. परतीची आशा खरी करायची की खोटी, हे गाव ठरवते. खेड्यातले पुष्कळ गुन्हे बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भाऊबंदकीतून घडतात. रागाच्या एका क्षणात कुऱ्हाड उचलली जाते आणि दोन घरे बसतात. ज्या घरातला माणूस गेला त्या घराचे दुःख सर्वांत मोठे. त्या घराला विसरून बंद्याची कीव करणे हे पाप ठरेल. अशा कुटुंबाला नुकसानभरपाईची योजना आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर विनामूल्य कायदेशीर मदतीची चौकशी करता येते. सरपंचाने आधी त्या घरी जावे.

पण दुसऱ्या घरातही एक बाई आणि दोन-चार लेकरे असतात, आणि त्यांनी काही केलेले नसते. त्यांच्याबाबत गावकारभाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

शिक्षा झाली म्हणून सातबाऱ्यावरचे नाव जात नाही. जमीन त्याचीच राहते. फक्त ज्याने खून केला त्याला मयताच्या मिळकतीत वारसा मिळत नाही, असे हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २५ सांगते. म्हणून "तो काय आता येत न्हाई" असे म्हणत भावकीने बांध सरकवला, तर तलाठ्याने आणि ग्रामपंचायतीने डोळेझाक करू नये. मागे राहिलेल्या बाईला जमीन कसायची असेल, तर बंद्याकडून रीतसर मुखत्यारपत्र करून घेता येते.

रेशनकार्डाचेही तसेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली सज्ञान ज्येष्ठ स्त्री हीच कुटुंबप्रमुख धरली जाते. नवरा आत आहे म्हणून धान्य अडत नाही. आई किंवा वडील कारागृहात असलेल्या मुलांना महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करता येतो. अंगणवाडीताईंनी आणि शाळेच्या गुरुजींनी अशा घरी एवढा निरोप पोचवला, तरी एखादे पोर शाळेतून सुटायचे वाचेल.

आणि पोलीस पाटलांविषयी. बंदी संचित रजा किंवा अभिवचन रजा मागतो तेव्हा गावाकडची चौकशी होते, जामीनदार पाहतात. "गावात शांतता भंग होईल" एवढे एक वाक्य कागदावर गेले, की त्याची रजा अडू शकते. कधी ते वाक्य खरे असते आणि तेव्हा ते लिहिलेच पाहिजे. पण कधी ते नुसत्या कंटाळ्याने किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिले जाते. सहीआधी दोन्ही घरी जाऊन विचारावे, खरोखर भीती आहे का ते पाहावे. त्या एका ओळीवर कुणाच्या तरी आईची शेवटची भेट अवलंबून असते.

सुटून आलेल्या माणसाला काम देणे ही सर्वांत अवघड गोष्ट. याचाही धडा आपल्याच मुलखात आहे. औंधच्या राजांनीच दिलेल्या जागेवर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणदारीच्या कामावर घेतले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. ज्याच्यावर चोरीचा संशय घ्यायचा, त्याच्याच हाती किल्ल्या! आपल्याकडे ऊसतोड असते, डाळिंबाची छाटणी असते, दूध संकलन असते. हाताला काम द्यायला कारखानाच हवा असे नाही.

वेशीवरचा प्रश्न

शिक्षा न्यायालय देते आणि ती संपल्याचा कागद कारागृह देते. शिक्षा खरोखर संपते ती गावात, ज्या दिवशी शेजारी हाक मारून चहाला बोलावतो त्या दिवशी. राजे भवानरावांनी १९३९ साली गावांवर आणि गुन्हेगारांवर एकाच वेळी विश्वास टाकला होता. त्यांना कदाचित ठाऊक असावे, की एकावाचून दुसरा टिकणार नाही.

औंधला यमाईच्या दर्शनाला किंवा खरसुंडीला सिद्धनाथाला आपण जातोच. येताजाता स्वतंत्रपूरची आठवण ठेवावी. आणि घरी परतल्यावर आपल्या गावातले असे एखादे घर आठवावे, ज्याच्या दारात सध्या कुणी जात नाही. त्या घरचा माणूस एक ना एक दिवस एसटीतून उतरेल. फाट्यावर त्याच्याशी पहिले कोण बोलणार, हे आपल्याला आजच ठरवता येते.