डॉक्टर ‘हाय रिस्क’ म्हणतात तेव्हा धोका नेमका किती असतो? हार्ट अटॅकनंतर मृत्यूची शक्यता अशी मोजतात

पहाटेचे तीन वाजलेत. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावातून छातीत कळ आलेल्या माणसाला जीपमध्ये घालून हिंगोलीला आणलंय. ईसीजी निघतो. डॉक्टर नाडी बघतात, बीपी घेतात, पाठीला स्टेथोस्कोप लावतात आणि बाहेर येऊन सांगतात, “पेशंट हाय रिस्क आहे. नांदेडला न्यावं लागेल. इथं सही करा.”

सही करणारा बहुतेक वेळा मुलगा, भाऊ नाहीतर जावई असतो. त्याला त्या क्षणी एवढंच ऐकू येतं की आता काही खरं नाही. गावाकडे फोन जातात. कुणीतरी वडीलधारं म्हणतं, “डॉक्टरच असं म्हणत असतील तर घरी आणा, उगाच हाल नकोत.”

पण डॉक्टरांच्या भाषेत ‘हाय रिस्क’चा अर्थ तो नसतो.

हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद न झालेल्या अटॅकमध्ये जगभर ‘ग्रेस’ नावाचा स्कोअर वापरतात. त्यात १४० च्या वर गुण गेले की पेशंट हाय रिस्क. आणि या गटात हॉस्पिटलमध्ये मृत्यू होण्याचं प्रमाण किती? ३ टक्क्यांपेक्षा जास्त. म्हणजे ज्याच्यासारख्या १०० जणांपैकी ९६ जण घरी परत जातात, तोही हाय रिस्क. ज्याच्यासारखे ६० जणच परततात, तोही हाय रिस्क. शब्द एकच, पण दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक.

हा आकडा येतो कुठून?

१९६० च्या दशकात हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी वेगळा वॉर्ड असावा, ही कल्पनाच नवी होती. न्यूयॉर्कमध्ये थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल या दोन डॉक्टरांनी अशा वॉर्डातल्या २५० पेशंटचा दोन वर्षांचा अनुभव १९६७ मध्ये छापला. त्यांनी पेशंटची चार गटांत विभागणी केली, तीही कुठल्या महागड्या यंत्राने नाही. फुप्फुसं स्वच्छ असतील तर पहिला गट. पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर फुप्फुसाच्या खालच्या भागात बारीक चरचर ऐकू आली तर दुसरा. फुप्फुसांत पाणी भरून पेशंटला दम लागला असेल तर तिसरा. बीपी ९० च्या खाली, हातपाय गार, अंगाला चिकट घाम, म्हणजे चौथा.

पहिल्या गटात ६ टक्के दगावले. दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३८ आणि चौथ्यात ८१.

फक्त कान, हात आणि बीपीचा पट्टा वापरून एवढा फरक दिसला. म्हणून आज सहा दशकं होत आली तरी ‘किलिप क्लास’ केसपेपरवर लिहिला जातो. २००३ मध्ये आलेल्या ग्रेस स्कोअरमध्ये आठ गोष्टी धरतात: वय, नाडीचा वेग, वरचं बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन, किलिप क्लास, येताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला बदल आणि हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी ग्रामीण रुग्णालयातही दहा मिनिटांत कळतात.

हृदयाच्या आयसीयूसाठी खास बनवलेले स्कोअर अलीकडचे आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने सुमारे १० हजार पेशंटच्या नोंदींवरून असाच एक बनवला. त्यात सात गोष्टी धरल्या आहेत. हृदय बंद पडणं, शॉक, श्वास अपुरा पडणं हे अपेक्षितच. पण त्यात ‘ब्रॅडन स्कोअर’ही आहे. झोपून राहिलेल्या पेशंटच्या पाठीला जखमा होतील का, हे ओळखायला नर्स भरतात तो हा तक्ता. पेशंट कूस बदलतो का, खातो का, स्पर्श कळतो का, अंथरूण ओलं होतं का, अशा त्यातल्या नोंदी. हृदयाशी थेट संबंध नाही, पण माणूस एकूण किती खचलाय हे त्यातून कळतं. सिस्टरच्या तक्त्याकडे राउंडला कुणी ढुंकून पाहत नाही, अशी जी तक्रार असते, तिला यापेक्षा चांगलं उत्तर मिळणार नाही.

जालन्याचा डॉक्टर आणि लाल विंचू

पेशंटजवळ उभं राहून धोका ओळखण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण मात्र हार्ट अटॅकचं नाही, विंचूदंशाचं आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस दगावतो. विंचू चावल्यावर हृदय बंद पडून माणूस जातो, हे तेव्हा अनेक डॉक्टरांच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

बावस्करांनी पेशंटशेजारी बसून नोंदी केल्या. त्यांच्या लक्षात आलं की जो वेदनेने नुसता ओरडतोय, तो बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, पुरुष असेल तर लिंगाला ताठरपणा येतो, त्याचं हृदय पुढच्या काही तासांत अडचणीत येणार. ही पूर्वसूचना देणारी लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

नुसतं भाकीत करून माणसं वाचत नाहीत. ते पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीपर्यंत पोहोचले, आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. विंचूदंशात ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाणारं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गार हातपाय हे लक्षण किलिपच्या चौथ्या गटातही आहे आणि बावस्करांच्या नोंदीतही. पण एकाच लक्षणापुढचा मृत्यूचा आकडा गोळी आल्यावर बदलला. हार्ट अटॅकमध्येही तेच झालं. किलिपच्या चौथ्या गटातले ८१ टक्के लोक दगावत होते. आज अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या, पण बंद रक्तवाहिनी वेळेत उघडलेल्या पेशंटमध्ये मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांच्या घरात दिसतं. अजूनही भयंकरच, पण निम्मे लोक परत येतात.

न्यूयॉर्कचा आकडा हिंगोलीला लागू होतो का?

जसाच्या तसा नाही. ग्रेस स्कोअर १४ देशांतल्या ११,३८९ पेशंटवरून बनला आणि त्या १४ देशांत भारत नव्हता. कोण जास्त आजारी आणि कोण कमी, हा क्रम असे स्कोअर बहुतेक ठिकाणी बरा लावतात. पण ‘इतके टक्के’ हा नेमका आकडा देश, हॉस्पिटल आणि उपचार बदलले की हलतो. आयसीयूतल्या हजारो नोंदी वाचून अंदाज करणारी एआयची नवी मॉडेल्स आली आहेत, त्यांनाही हीच अडचण आहे.

भारतात पेशंट उशिरा पोहोचतात, हा मोठा फरक. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या अभ्यासात देशातल्या ८९ केंद्रांमधले २०,४६८ पेशंट होते. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंत गेलेल्या वेळेचा मध्य निघाला ३६० मिनिटं. सहा तास! ॲम्ब्युलन्सने आले फक्त ६ टक्के.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट जास्त बोचणारी आहे. महिन्याभरात गरीब पेशंटपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. गरिबांना आधीचे आजार जास्त असतील म्हणून हे झालं का, हे संशोधकांनी तपासलं. वय, तंबाखू, शुगर वगैरे हिशेबात धरूनही फरक राहिला. मिळालेले उपचार हिशेबात धरले, तेव्हा मात्र तो नाहीसा झाला. थोडक्यात, गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं. त्याला मिळालेले उपचार वेगळे होते, आणि पगार किंवा जमीन हा रकाना कुठल्याच स्कोअरमध्ये नाही.

मग स्कोअरचा उपयोग काय?

मोठ्या शहरात त्याने आयसीयूची खाट ठरते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात त्याने रस्ता ठरतो: कुणाला आत्ताच हलवायचं, कुणाला इथेच ठेवून चालेल. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. इथलं सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये सुरू झालंय. पण अँजिओप्लास्टीसाठी अनेकदा नांदेडचा ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता धरावा लागतो. रक्तवाहिनी पूर्ण बंद असलेल्या अटॅकमध्ये निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, तेही अर्ध्या तासाच्या आत, आणि मग प्रवास, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

एक विचित्र गोष्ट मात्र परदेशी अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्यांचा धोका जास्त, त्यांनाच मोठे उपचार कमी मिळतात. वय जास्त, किडनी नाजूक, म्हणून डॉक्टर कचरतात, नातेवाईक कचरतात. खरं तर बंद वाहिनी उघडल्याचा फायदा अनेकदा याच लोकांना जास्त होतो. ‘घरी आणा’ म्हणणारा फोन याच गैरसमजातून येतो. घरी नेलं की अंदाज खरा ठरतोच, पण तो आजाराने खरा ठरवलेला नसतो.

त्यामुळे सही करताना विचारायचा प्रश्न “वाचतील का?” हा नाही, कारण त्याचं प्रामाणिक उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नसतं. स्कोअर शंभर जणांबद्दल बोलतो, खाटेवरच्या एकाबद्दल नाही. “धोका कशामुळे जास्त आहे, आणि त्यातलं काय सुधारता येईल?” याचं उत्तर मिळू शकतं. बीपी कमी असेल तर औषध आहे, फुप्फुसांत पाणी असेल तर औषध आणि ऑक्सिजन आहे, वाहिनी बंद असेल तर इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी आहे. वयाला औषध नाही. शिवाय हा आकडा दर काही तासांनी पुन्हा बघायचा असतो. पहाटे तीनला गार असलेले हात सकाळी नऊला गरम झाले, लघवी नीट होऊ लागली, तर पहाटेचा हिशेब जुना झाला.

नांदेडला निघताना मिळालेल्या चिठ्ठीवर त्रास कधी सुरू झाला, पहिला ईसीजी किती वाजता निघाला, इंजेक्शन दिलं असेल तर कोणतं आणि कधी, या वेळा लिहिलेल्या आहेत का, हे बघून घ्यावं. नसतील तर विचारून लिहून घ्याव्यात, आणि ती चिठ्ठी खिशात घडी घालून न ठेवता ईसीजीच्या कागदासह १०८ मधल्या डॉक्टरांच्या हातात द्यावी.