कायमचा मुक्काम (भाग ११) : नऊ महिने वावरात, तीन महिने न्यू जर्सीत

ग्रीनकार्डाच्या रांगेतल्या प्राधान्य तारखांचं कोडं या आठवड्यात सोडवायचं ठरलं होतं. ते राहू द्या. नोकरीच्या रांगेतले इंजिनिअर आणखी आठ दिवस थांबतील, त्यांना सवय आहे. मध्येच दारव्ह्याहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या कितीतरी ग्रीनकार्डवाल्या आईबाबांच्या मनात जे असतं, तेच गुरुजींनी सरळ विचारलंय.

मुलगी न्यू जर्सीत, तिथली नागरिक. नागरिक मुलाचं वय एकवीसच्या वर असलं की त्याच्या आईवडिलांना रांग नाही आणि देशागणिक सात टक्क्यांची मर्यादाही नाही. म्हणून जे कार्ड त्यांच्या भाच्याला नोकरीच्या रांगेतून अजून मिळालेलं नाही, ते गुरुजींच्या हातात मुकाट्याने पडलं. पण गुरुजींचं वावर दारव्ह्याला. मृगाची पेरणी, पोळा, मग सीतादही, वेचण्या, तूर, फरदड ठेवायची की पऱ्हाटी उपटायची याचा घोळ. मोकळीक मिळते ती मार्चात. त्यांचा बेत असा: मार्च ते मे मुलीकडे, उरलेले नऊ महिने गावात. ‘वर्षाच्या आत परत जातो, मग कार्डाला धोका कसला?’

आपल्याकडे या बाबतीत दोन पंथ आहेत. एक सहा महिनेवाल्यांचा, दुसरा वर्षवाल्यांचा. लग्नाच्या पंगतीत दोघं शेजारी बसले तर जेवण थंड होतं. हे दोन्ही आकडे कायद्यात आहेत, पण दोघं समजतात त्या अर्थाने नाहीत.

वर्षाचा आकडा प्रवासापुरता. सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात तर नुसतं कार्ड दाखवून आत शिरता येत नाही, ते प्रवेशाचं कागदपत्र म्हणून चालत नाही. सहा महिन्यांचा, नेमका म्हणजे १८० दिवसांचा आकडा प्रश्नांसाठी. त्याच्या आत परतणारा सहसा घरी परतणारा रहिवासी मानला जातो. त्यापलीकडे तो नव्याने प्रवेश मागणारा ठरू शकतो आणि अधिकारी सविस्तर चौकशी करू शकतो. नागरिकत्वाची पाच वर्षं मोजतानाही सहा महिन्यांवरची गैरहजेरी खंड समजली जाते. तसा खंड नव्हता हे तुम्हीच पटवून द्यायचं.

पण कार्ड जातं ते या आकड्यांमुळे नव्हे. तिथलं घर सोडलं असं ठरलं तर जातं. गेलात ते ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी होतं का? परतायचं ठिकाण अमेरिकेतच होतं का? घर, नोकरी, कुटुंब, करविवरण, बँक, वाहन परवाना हे सगळं पाहून निर्णय होतो. म्हणून दर पाच महिन्यांनी जाऊन पंधरा दिवसांत परतणारे सहा महिनेवालेही सुरक्षित नाहीत. लपंडावात पोराने खांबाला शिवून यावं, तशी ही ये-जा चालते, आणि पासपोर्टवरचे शिक्के चाळणाऱ्याला ती एका मिनिटात कळते. गुरुजींचे नऊ महिने एखाद्या वर्षी चालून जातील. वर्षानुवर्षे तसंच झालं तर उत्तर देणं जड जाईल.

कार्डावरच्या दहा वर्षांच्या मुदतीनेही अनेकांची फसगत होते. ती मुदत कार्डाची, दर्जाची नव्हे. १९७९ ते १९८९ दरम्यान दिलेल्या अनेक कार्डांवर तर संपण्याची तारीखच नव्हती. तारीख नसलेलं कार्ड जवळ असूनही दर्जा सोडून दिला असं ठरू शकतं, आणि कार्डाची मुदत संपूनही दर्जा शाबूत राहतो.

मग लांब मुक्कामाची सोय नाही का? आहे. फॉर्म आय-१३१ भरून पुनर्प्रवेश परवाना मागायचा. अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, दारव्ह्यात बसून नाही. निघण्याआधी बोटांचे ठसेही देऊन टाकावेत. साधारणपणे तो दोन वर्षांचा मिळतो. त्याला मुदतवाढ नसते, नवा घ्यावा लागतो, आणि गेल्या पाचांतली चार वर्षं बाहेर काढली असतील तर बहुधा एकाच वर्षाचा मिळतो. परवाना असला की केवळ जास्त दिवस बाहेर राहिलात म्हणून अडवता येत नाही. इतर प्रश्न विचारले जाऊ शकतातच.

मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली तेव्हा परवाना न घेता आलेले अनेक आईबाबा इकडे अडकले. वर्ष उलटलेल्यांना वकिलातीकडे परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागता येतो. त्यासाठी निघताना परतायचा इरादा होता आणि लांबलेला मुक्काम आपल्या हातात नव्हता, हे दाखवावं लागतं. साथ हे कारण पटण्यासारखं होतं. तुरीचा भाव वाढेल म्हणून थांबलो, हे नाही.

माझ्या ओळखीच्या एका काकूंपुढे विमानतळावर आय-४०७ हा कागद ठेवला गेला. स्वतःहून कार्ड परत करतो, असा त्याचा अर्थ. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर माणूस कशावरही सही करतो. तिथे सही करणं बंधनकारक नाही. ‘मला न्यायाधीशांपुढे सुनावणी हवी’ एवढं सांगायचं. दर्जा सोडला हे ठोस पुराव्याने सिद्ध करणं मग सरकारचं काम. एवढं वाक्य आईबाबांकडून घोकून घ्या.

आता कराचं. कार्ड आहे तोवर, राहा कुठेही, अमेरिकेला जगभरचं उत्पन्न कळवायचं. भारतात शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, तिकडच्या विवरणात मात्र ते लिहायचं. इथल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यायची. हे टाळायला ‘अनिवासी’ म्हणून विवरण भरणारे महाभाग मी पाहिलेत. आपण तिथे राहत नाही, असं स्वतःच लिहून देण्यासारखंच आहे ते.

गुरुजींच्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात होतं: शेजारचं चार एकर निघालंय, घ्यावं म्हणतो. परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशाने आलेली ठेवता येते. म्हणजे खरेदीसाठी ‘मी भारतातच राहतो’ हे खरं असायला हवं, आणि तीन महिन्यांनी विमानतळावर ‘माझं घर न्यू जर्सीत’ हेही. फेरफार आणि ग्रीनकार्ड एकाच पिशवीत घेऊन फिरणाऱ्याची खरी अडचण इथे आहे.

मी त्यांना कळवलंय की वावर सोडवत नसेल तर कार्ड रीतसर परत करावं आणि पर्यटक व्हिसासाठी अर्ज करावा. व्हिसाची हमी नसते, पण मनात लपवायचं काही उरत नाही. पुढे हातपाय थकले आणि मुलीकडेच राहायचं ठरलं तर ती पुन्हा अर्ज करू शकते; आईवडिलांना तेव्हाही रांग नसेल. गुरुजींच्या पत्नीचं मत मात्र वेगळं आहे असं दिसतं, कारण उत्तर आलं ते त्यांच्या अक्षरात: कार्ड राहू द्या, चार एकराचं बघू. दोन वर्षांच्या परवान्याचा अर्ज कसा भरायचा, तेवढं विचारलंय. ते त्यांना वेगळं लिहीन. प्राधान्य तारखा पुढच्या आठवड्यात, नक्की.