संश्लेषक वाद्यातील फिल्टर : मांडणी, तापमान व उपयोग

नादाचे तारता, तीव्रता आणि जाती असे तीन गुण मानले जातात. तंबोरा व बासरी यांवर एकच षड्ज सारख्याच तीव्रतेने वाजविला तरी कान त्यांतील भेद ओळखतो, तो जातीमुळे. आणि जाती मुख्यतः मूलस्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांच्या प्रमाणावर अवलंबून असते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी साधतो आणि वादक तारेखालील धागा सरकवून ती खुलवितो, तेव्हा उपस्वर जागे होतात. सुट्या घटकांच्या संश्लेषक वाद्यात क्रम उलटा असतो. तेथे आंदोलक प्रथम उपस्वरांनी समृद्ध असा तरंग निर्माण करतो आणि फिल्टर त्यातील नको ते अंश क्षीण करतो.

भारतात असे वाद्य १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या साहाय्याने उभारले गेले. ते मूग पद्धतीचे होते. रॉबर्ट मूग यांना त्यांच्या शिडीसदृश फिल्टरचे अमेरिकी पेटंट त्याच वर्षी मिळाले.

या शिडीत ट्रान्झिस्टर व धारित्रे यांचे चार समान टप्पे असतात. सीमा-कंपनसंख्येस प्रत्येक टप्पा तरंगाला कलेने ४५ अंश मागे टाकतो व त्याचा परमप्रसर १/√२ करतो. चार टप्प्यांअखेर कला १८० अंश मागे पडते आणि परमप्रसर चतुर्थांश उरतो. हा निर्गम चौपट करून व उलटवून पुन्हा आरंभी दिला, तर झालेली हानी तंतोतंत भरून निघते आणि बाहेरून कोणताही तरंग न देता फिल्टर स्वतःच शुद्ध ज्या-तरंग देऊ लागतो. अनुस्पंदनाची ही परमावधी होय. फिल्टरच्या जुळवणीचा आधारही हाच गुण आहे.

मांडणीपूर्वी वीजपुरवठा बंद असावा. युरोरॅक प्रघातात पुरवठा +१२ व −१२ व्होल्टचा असतो; फितीच्या तारेची रंगीत कडा −१२ व्होल्टच्या बाजूस येते. ती उलट जोडल्यास घटक जळू शकतो. सर्व घटकांना लागणाऱ्या प्रवाहाची बेरीज पुरवठ्याच्या क्षमतेहून कमी असल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर यंत्र सुमारे अर्धा तास तापू द्यावे.

पुढे निवेश रिकामा ठेवून अनुस्पंदन पूर्ण वाढवावे. नियंत्रक दाब शून्य असता कंपनसंख्या ११० ठेवावी. १, २ व ३ व्होल्टला ती अनुक्रमे २२०, ४४० व ८८० आली पाहिजे. न आल्यास मापनाचा स्क्रू फिरवावा. त्यामुळे आरंभबिंदू सरकण्याचा संभव असल्याने ही क्रिया दोनतीनदा करावी लागते.

येथे तापमानाचा प्रश्न उद्भवतो. समान दाबवाढीस समान गुणोत्तराची कंपनवाढ मिळावी म्हणून ट्रान्झिस्टरच्या घातांकी गुणाचा उपयोग करतात. परंतु त्या घातांकाचे माप निरपेक्ष तापमानावर अवलंबून असते. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात दुपारी पारा ४० अंशांपलीकडे जातो. सकाळी २७ अंशांस जुळविलेले यंत्र दुपारी ४२ अंशांत वाजविल्यास निरपेक्ष तापमान ३०० वरून ३१५ होते. भरपाईची योजना नसेल, तर १२ अर्धस्वरांचे सप्तक सुमारे ११.४ अर्धस्वरांतच आटोपते. चार सप्तकांत ही त्रुटी दोन अर्धस्वरांहून अधिक होते. फिल्टर स्वतः स्वर देत असेल तर तो बेसूर होतो. तो केवळ जाती घडवीत असेल तर दोष चटकन लक्षात येत नाही. पण वरच्या स्वरांना सीमा-कंपनसंख्या अपुरी पडते व ते मंद वाटतात. म्हणून दर अंशास सुमारे ०.३३ टक्के वाढणारा रोधक, जुळ्या ट्रान्झिस्टरांना चिकटवून, बसवितात.

जुळवणीनंतरचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ११० कंपनांच्या करवती तरंगात सर्व पूर्णांक-घटक असतात. अनुस्पंदन शून्य ठेवून सीमा ४४० वर आणल्यास चौथा घटक चतुर्थांश, तर आठवा पंचविसांश उरतो. त्यापुढे दर सप्तकास घट सोळांशाकडे झुकते. अनुस्पंदन वाढविता सीमेजवळील घटक उठून दिसतात, परंतु खालचे घटक दुबळे होतात. पुनःप्रदाय तिप्पट असता अगदी खालचे घटक चौथ्या हिश्श्यावर येतात; म्हणून वादन पोकळ वाटल्यास प्रथम अनुस्पंदन उतरवून पाहावे. आघाताबरोबर चढून उतरणारा दाब सीमेस दिल्यास छेडलेल्या तारेप्रमाणे आरंभी उजळ व पुढे मृदू असा नाद मिळतो. स्वरदर्शक दाबही सीमेस पूर्ण प्रमाणात दिला, म्हणजे सर्व सप्तकांत जाती जवळजवळ एकच राहते.

तात्पर्य, जुळवणी वादनाच्याच खोलीत व त्याच प्रहरी करावी आणि कंपनसंख्यांच्या नोंदीशेजारी तापमानही लिहावे. त्यावाचून दोन दिवसांच्या नोंदींची तुलना ग्राह्य धरता येत नाही.