एका वर्ल्ड कपमध्ये १३ गोल करणारे जस्ट फॉन्टेन पुढे कोच म्हणून कसे होते?

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये किलियन एम्बाप्पेने ८ गोल करून गोल्डन बूट जिंकला. पण फ्रान्सच्याच जस्ट फॉन्टेन यांनी १९५८ च्या वर्ल्ड कपमध्ये ६ सामन्यांत १३ गोल केले होते. मार्च २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं, तोवर हा विक्रम कुणालाच मोडता आला नव्हता.

उसन्या बुटांची गोष्ट

फॉन्टेन यांचा जन्म १९३३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशचा. स्वीडनमध्ये झालेल्या त्या वर्ल्ड कपच्या आधी त्यांचे बूट फाटले, म्हणून त्यांनी संघातल्याच स्तेफान ब्रुए यांचे बूट मागून घेतले. पहिल्याच सामन्यात पॅराग्वेविरुद्ध ३ गोल आणि तिसऱ्या क्रमांकासाठीच्या लढतीत पश्चिम जर्मनीविरुद्ध तब्बल ४!

२८ व्या वर्षी निवृत्ती का?

पाय दोनदा मोडला. १९६२ मध्ये खेळणं थांबवावं लागलं, तेव्हा त्यांच्या नावावर फ्रान्ससाठी २१ सामन्यांत ३० गोल होते.

त्या काळात फ्रान्समधला खेळाडू वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत क्लबला बांधलेला असायचा. क्लब बदलायचा की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं. याविरोधात १९६१ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि फॉन्टेन तिचे पहिले अध्यक्ष झाले. ठरावीक मुदतीचे करार यायला मात्र १९६९ उजाडलं.

कोच म्हणून काय केलं?

सुरुवात वाईट झाली. १९६७ मध्ये ते फ्रान्सचे कोच झाले, पण दोन मैत्रीपूर्ण सामने हरल्यावर लगेच पद गेलं.

पुढे ते पॅरिस सेंट जर्मेनकडे, म्हणजेच पीएसजीकडे आले. तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. १९७४ मध्ये फॉन्टेन यांच्या काळात तो पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि त्यानंतर कधीच खाली घसरला नाही. नेमार, मेस्सी, एम्बाप्पे ज्या क्लबकडून एकत्र खेळले, तो हाच.

त्यानंतर ते जन्मभूमीत परतले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मोरोक्कोने १९८० च्या आफ्रिका कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला.

फॉन्टेन म्हटलं की आजही १३ गोलच आठवतात. पण ते गोल जेमतेम तीन आठवड्यांतले. पाय मोडल्यावर त्यांनी खेळाडूंच्या हक्कांसाठी आणि पीएसजीसाठी जे केलं, त्याचा फायदा पुढच्या पिढ्यांना मिळाला.