पानिपत जिंकलं असतं तर कामण कुणाच्या हद्दीत? मुलांचे प्रश्न लेखकाला कुठे अडवतात

कामण रोड स्टेशनवर दिव्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघायची, म्हणजे हाताशी वेळच वेळ. तेवढ्यात चौथीतल्या भाचीला डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सांगायला घेतली. ती संपायच्या आतच प्रश्न आला, "मामा, मग कामण कुणाकडे?"

"अगं, गोष्ट आहे ती," मी म्हणालो. उत्तर येत नसलं की मोठी माणसं हेच म्हणतात.

कथा काय आहे?

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. मुंबई मात्र अजून ईस्ट इंडिया कंपनीकडे, भाडेपट्ट्याने. पुण्याहून आलेली गाडी कल्याण सोडते आणि सरहद्दीवर परवाने तपासले जातात.

मग प्रश्न कुठे अडतो?

कथा पुणे-मुंबई मार्गावरची. भाचीचं घर या बाजूला. म्हणून सनावळी काढून बसलो. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला १७३९ मध्ये. पानिपत झालं १७६१ मध्ये. इंग्रजांनी साष्टी बळकावली १७७४ मध्ये. म्हणजे पानिपतच्या दिवशी कामणच काय, बोरिवली-अंधेरीसुद्धा मराठ्यांकडेच होती! लढाई जिंकून आणखी बळकट झालेल्या मराठ्यांनी साष्टी जाऊ कशी दिली? या हिशेबाने परवाना माहीमच्या खाडीवर तपासायला हवा. साष्टीही भाडेपट्ट्यात गेली असं मानता येईल, पण ते वाचकालाच मानावं लागतं.

आपण मोठे नायकाच्या मागे जातो. मूल त्या जगात आधी स्वतःचं घर शोधतं.

टोल्किनचीही हीच गत झाली होती. 'द हॉबिट' घरी मुलांना वाचून दाखवताना छोट्या ख्रिस्तोफरने त्यांना थांबवलं. मागच्या वेळी बिल्बोचं दार निळं होतं, आज हिरवं कसं? टोल्किन चिडून पुटपुटले, पण उठून नोंद करून आले. छापील पुस्तकात दार हिरवं आहे.

नारळीकर तर असे प्रश्न मागून घेत. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. नाहीतर माहीमच्या खाडीचं कार्ड भाचीच्या अक्षरात पुण्याला गेलंच असतं.

गाडीत बसल्यावर तिचा पुढचा प्रश्न तयार होता. त्या जगात पुण्याची रेल्वे बांधली कुणी? खारबाव आलं तरी मला काही सुचलं नव्हतं.